चाळिशीनंतर काम बदलताना: कोच, मोफत मार्गदर्शन की धंद्यातली माणसं?

चाळिशी ओलांडलेला माणूस काम बदलायचं म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. मला नेमकं काय करायचंय? आणि ते केलं तर बेळगावात राहून घर चालेल का? पहिल्या प्रश्नाला करिअर कोच, म्हणजे फी घेऊन प्रश्न विचारत आपली दिशा शोधायला मदत करणारा माणूस, उपयोगी पडतो, दुसऱ्याला त्या धंद्यात रोज हात घालणारी माणसं. मी दोन्हीकडे गेलो, सरकारी मोफत मार्गदर्शनही पाहिलं, आणि क्रम चुकल्यामुळे माझं दीड वर्ष वाया गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून तिन्ही वाटा शेजारी ठेवून सांगतो.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी अठरा वर्षं तपासणी विभागात होतो. कास्टिंग म्हणजे ओतलेला भाग बघायचा, दोष शोधायचा, माल पास की नापास ते लिहायचं. बेचाळिसाव्या वर्षी नोकरी पक्की होती, पगार वेळेवर होता, आणि तरी सकाळी डबा उचलताना छातीवर ओझं यायचं. घरात सांगायची लाज वाटायची. ज्या पगारावर दोन मुलांची शिक्षणं चालली, त्या नोकरीला नावं कशी ठेवायची?

आधी गेलो कोचकडे. पुण्याचा, ऑनलाइन. सहा सत्रं, प्रत्येकी साडेतीन हजार, वर १८ टक्के जीएसटी. एकूण २४,७८० रुपये. इथल्या पगारात ही रक्कम टोचते. पण त्याने एक काम असं करून घेतलं, जे दुसऱ्या कुणी केलं नसतं. तीन आठवडे वही ठेवायला लावली: दिवसातला कोणता तास भराभर गेला आणि कोणता संपता संपेना. वही भरली तेव्हा दिसलं, की आयटीआयमधून आलेल्या नव्या पोरांना मी समजावत असे, साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली की वायू अडकतो आणि ब्लोहोल, म्हणजे धातूत पोकळी, पडतं, तेव्हा घड्याळाकडे लक्षच नसायचं. मला फौंड्रीचा कंटाळा नव्हता. शिकवायला मिळत नव्हतं, त्याची ती तगमग होती. अठरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

भाषेची गोष्ट इथे मुद्दाम सांगतो. पहिली दोन सत्रं इंग्रजीत झाली. इंग्रजीत मी सगळ्याला बरं बरं म्हणत राहिलो. तिसऱ्या वेळी म्हणालो, आपण मराठीत बोलूया. त्या दिवशी मला रडू आलं, आणि खरं बोलणं तिथून सुरू झालं. म्हणून कोच घ्यायचाच असेल तर ज्या भाषेत तुम्ही घरात भांडता, त्या भाषेत बोलणारा घ्या.

आता त्याची मर्यादा. तो म्हणाला, प्रशिक्षणाचा कोर्स करा आणि पुण्याला या. माझी आई सत्तरीची, घर बेळगावातल्या वडगावात. वर इथली भाषेची अडचण त्याला ठाऊकच नव्हती. आमच्या पिढीत मराठी माध्यमात शिकलेल्यांना कन्नड बोलता येतं, पण वाचताना अडखळायला होतं. गिऱ्हाइकाशी, सरकारी कागदाशी संबंध येणारं कोणतंही काम या जिल्ह्यात करायचं, तर कन्नड लिहिता-वाचता आलं पाहिजे. कोणत्या कामाला ते किती लागेल, हे पुण्यात बसून कळत नाही. मला कन्नड लिहा-वाचायला शिकायला सहा महिने लागले, आणि ते सहा महिने मी सगळ्यात शेवटी दिले. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

धंद्यातल्या माणसांनी एका चहात जे सांगितलं, ते कोचच्या सहा सत्रांत आलं नाही. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कंत्राटावर तपासणी करणारा एक जुना ओळखीचा म्हणाला, काम आहे, पण बिल दोन-तीन महिन्यांनी निघतं. तेवढा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा लिहू नकोस. एका खासगी संस्थेतल्या शिक्षकाने तासाचा दर सांगितला, आणि सुट्टीत एक पैसा मिळत नाही हेही सांगितलं. आमच्याच जिल्ह्यात हत्तरगीला विमानांचे सुटे भाग होतात, तिथे तपासणीची कागदपत्रं किती काटेकोर लागतात, हे तिथल्या एकाकडून कळलं. असे सहा-सात जण गाठा, आणि प्रत्येकाला एकच विचारा: वाईट महिना कसा असतो?

पण या वाटेतही खोट आहे. आपली माणसं आपल्यावर माया करतात म्हणून घाबरतात. ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नको’ हे मी इतक्यांदा ऐकलं, की पुढे मी कुणाकडे बोलायचंच बंद केलं. गल्लीला तुमचं जुनंच रूप दिसतं. तिथे परका माणूस, म्हणजे कोच, खरोखर आधार होतो. त्याला तुमच्या नोकरीची इज्जत सांभाळायची नसते.

मोफत वाटेबद्दल थोडक्यात. केंद्र सरकारची राष्ट्रीय करिअर सेवा २०१५ पासून आहे. नोंदणीला पैसे लागत नाहीत आणि समुपदेशकही मिळतात. मात्र कल नोकरी शोधणाऱ्या तरुणांकडे जास्त आहे, बेचाळिशीतल्या माणसाची घालमेल ऐकायला तिथे वेळ कमी पडतो. स्वतःचा छोटा धंदा करायचा असेल, तर बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था कितीतरी चांगल्या: प्रशिक्षण मोफत, राहणं-जेवणही मोफत, आणि नंतर कर्जाच्या अर्जाला मदत. वयाची अट आणि शिकवण्याची भाषा आधी विचारून घ्या. पीएमईजीपी या केंद्राच्या कर्ज-अनुदान योजनेत ग्रामीण भागातल्या नव्या उद्योगाला सर्वसाधारण गटासाठी २५ टक्के, तर महिला, मागासवर्ग, माजी सैनिक अशांना ३५ टक्के अनुदान आहे. जुना धंदा वाढवायला या योजनेतलं पहिलं कर्ज मिळत नाही.

कोच निवडताना एक लक्षात ठेवा: आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला कोणताही परवाना लागत नाही. १९९५ मध्ये सुरू झालेली आयसीएफ ही आंतरराष्ट्रीय संस्था प्रमाणपत्रं देते. त्यातल्या एसीसी या पहिल्या पातळीला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो, पीसीसी या पुढच्या पातळीला १२५ आणि ५०० तास. प्रमाणपत्र म्हणजे चांगुलपणाची हमी नव्हे, पण माणसाने मेहनत घेतली आहे एवढं कळतं. नोकरीची खात्री देणारा, वर्षभराची फी आधी मागणारा किंवा पहिल्याच दिवशी स्वतःचा कोर्स गळ्यात घालणारा असेल, तर उठून या. एका मोठ्या शहरातल्या अशा एका सल्लागाराला मी आधी आठ हजार दिले होते. हाती आला तो सगळ्यांना सारखाच दिला जाणारा छापील अहवाल.

आणि कोणतीही वाट धरली तरी हिशेब आधी. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं, पीएफच्या पेन्शनला दहा वर्षं सेवा लागते. नववं वर्ष चालू असेल तर दहावं भरून मगच निघा.

माझा कल सांगतो. काय करायचं हेच कळत नसेल, तर कोच घ्या, पण चार सत्रांपुरता. काय करायचं ते ठरलंय आणि भीती फक्त पैशाची आहे, तर ते पैसे घरखर्चाला ठेवा आणि धंद्यातली माणसं गाठा. आणि जमेल तर नोकरीत असतानाच नवं काम करून बघा. नेमणूकपत्रात त्याला मनाई नाही ना, तेवढं वाचा. मी पाच महिने सुट्टीच्या दिवशी पोरांना शिकवलं, मग राजीनामा दिला. आज चार दिवस तपासणी, दोन दिवस शिकवणं. पैसे पूर्वीपेक्षा थोडे कमीच आहेत.

माझी चुलत बहीण एकोणचाळीस वर्षांची. घरचा यंत्रमाग बंद झाला, तिला शिवणकामाचं स्वतःचं दुकान टाकायचंय. कोणत्या गल्लीत, किती भाड्यात, सगळं तिच्या डोक्यात पक्कं आहे. तिला मी कोचचा नंबर दिला नाही. गेल्या आठवड्यात तिला गाडीवर बसवून स्वयंरोजगार केंद्रात नेलं आणि पुढच्या तुकडीत तिचं नाव घालून आलो.