आयपॉड मेलाय म्हणाला आणि ७०० रुपयांत घेऊन गेला

माझ्या बाबांचा १६० जीबीचा आयपॉड क्लासिक, म्हणजे ॲपलचा गाणी ऐकायचा जुना प्लेअर, एक माणूस आमच्या डोळ्यांदेखत घेऊन गेला. त्याच्याआधी त्याने आमच्याकडून ५,९०० रुपये घेतले होते. नंतर आयपॉडचे म्हणून ७०० परत पाठवले, म्हणजे चोरी म्हणायलाही जागा ठेवली नाही. आयपॉडला काहीही झालेलं नव्हतं. ज्यांच्या घरात अजून असे दोन-तीन जुने प्लेअर आहेत आणि सगळी गाणी एकाच कॉम्प्युटरवर आहेत, त्यांनी हे पुरतं वाचा. कॉम्प्युटरवरच्या ज्या सूचनेच्या चौकटीला आम्ही घाबरलो, ती तुमच्याही स्क्रीनवर कधीतरी येणार आहे.

आम्ही सहकारनगरला, अरण्येश्वरच्या बाजूला राहतो. बाबांना गाण्याचं वेड. डिसेंबरात सवाईला जाणं जमेनासं झालं, तेव्हापासून त्यांचं सगळं ऐकणं त्या क्लासिकवर. घरातल्या सीड्या आणि कॅसेटी त्यांनी दोन वर्षं बसून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. त्यातल्या तीन कॅसेटी आमच्या आत्याच्या, म्हणजे बाबांच्या आक्काच्या. ती भोरची. तिच्या जात्यावरच्या ओव्या बाबांनी टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरून घेतल्या होत्या. आक्का गेली. पुढे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं आणि दिवाणाखालच्या सगळ्या कॅसेटी चिखलात गेल्या. कॉम्प्युटरवरच्या ओव्याही नव्हत्या, कारण त्या वेव्ह फाइली होत्या. मिनिटाला दहा एमबी खातात म्हणून डिस्क भरल्यावर बाबांनी त्या आयपॉडवर टाकून इकडून पुसल्या होत्या. थोडक्यात, आक्काचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता. हे मला ठाऊक होतं, आणि तरीही मी ते यंत्र त्याच्या हातात दिलं.

झालं असं. गेल्या दिवाळीत मी कॉम्प्युटर बदलला. गाण्यांचं फोल्डर नव्या मशीनवर कॉपी केलं, आयट्यून्स हा ॲपलचा गाणी सांभाळायचा प्रोग्रॅम टाकला, ते फोल्डर त्यात ओढलं. घरात प्लेअर तीन: बाबांचा क्लासिक, बायकोचा १६ जीबीचा नॅनो, आणि मुलीचा छोटा २ जीबीचा शफल. नॅनो लावला तर चौकट आली, की हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, पुसून नव्याने सिंक करायचा, म्हणजे या कॉम्प्युटरवरची गाणी त्यात भरायची का? शफललाही तेच. क्लासिक लावला तर तो आयट्यून्समध्ये दिसेचना. बाबा मागे उभे होते. "पुसून" शब्द वाचला आणि म्हणाले, "काढ, काढ ती वायर आधी." 

मी नेटवर ‘घरी येऊन दुरुस्ती’ शोधलं आणि वर आलेल्या पहिल्याच नंबरला फोन लावला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला एक तिशीतला माणूस आला. बोलायला अतिशय गोड. बाबांच्या पाया पडला, काका काका करत त्यांच्याकडून आधी सगळं विचारून घेतलं, कुठल्या कॅसेटी, कुणाचा आवाज, दुसरी कॉपी आहे का. ‘दुसरी कॉपी नाही’ हे त्याला आम्हीच सांगितलं.

मग म्हणाला, "सर, कंपनीने आयपॉड बंद केले. आता एका कॉम्प्युटरला एकाहून जास्त प्लेअर जोडायचे तर प्रत्येकाचं सिंक लायसन्स लागतं. पाचपर्यंतच मिळतं." प्रत्येकी १,८०० रुपये. मला हे पटलं, कारण त्यातले तुकडे खरे होते. क्लासिक २०१४ मध्ये बंद झाला, नॅनो आणि शफल २०१७ मध्ये, आणि शेवटचा आयपॉड टच मे २०२२ मध्ये. पाच हा आकडाही मी कुठेतरी वाचलेला होता. तो आकडा कॉम्प्युटरांचा आहे हे मला नंतर कळलं. ॲपलकडून विकत घेतलेली गाणी एका खात्यावर पाच कॉम्प्युटरांना चालवता येतात. प्लेअर किती जोडायचे याला मर्यादा नाही, आणि त्यासाठी लायसन्स नावाची कुठलीही गोष्ट विकली जात नाही. कधीच विकली जात नव्हती.

त्याने एक काळी खिडकी उघडून त्यात आकडे टाइप केले, नॅनो लावला, तीच चौकट आली आणि त्याने पुसून सिंक करायचं बटण दाबलं. दहा मिनिटांत गाणी भरली. शफलचंही तसंच. आम्हाला वाटलं, लायसन्स लागू झालं. खरं तर तेच बटण मी आदल्या दिवशी दाबलं असतं तर तेवढंच झालं असतं, आणि त्या दोन प्लेअरवर लायब्ररीबाहेरचं काही नसल्याने गेलंही काही नसतं.

क्लासिक लावल्यावर मात्र तो गप्प झाला. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर काहीच येत नव्हतं. त्याने आयपॉड उचलून बाबांच्या कानाला लावला. "ऐका काका. डिस्क फिरतीय का?" बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली, नाही. तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. क्लासिकमधली डिस्क सतत फिरतच नसते. पुढची गाणी मेमरीत ओढून घेते आणि थांबते, बॅटरी वाचावी म्हणून. त्यामुळे कानाला लावल्यावर बहुतेक वेळा शांतताच ऐकू येते. त्यातून बाबांना त्या कानाने कमी ऐकू येतं.

"सकाळीच तर वाजत होता," बाबा म्हणाले. त्यावर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. बोर्ड अर्धा उडालाय, वाजतोय तेवढे दिवस वाजेल, पण डिस्क कधीही जाईल, आज नेला तर आतलं वाचवून देतो. लायसन्सचे ५,४०० आणि येण्याचे ५०० मी यूपीआयने दिले. पावती मागितली तर व्हॉट्सॲपवर एक ओळ आली. क्लासिक त्याने रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवला.

चौथ्या दिवशी फोन आला. डिस्क गेली, डेटा काही मिळाला नाही, यंत्र मेलंय. परत हवा असेल तर आणून देण्याचे ३००, नाहीतर भंगारात ७०० देतो. मी ऑफिसमध्ये होतो, मीटिंग चालू होती. ठेवा म्हणालो. बाबांना संध्याकाळी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

तीन आठवड्यांनी भाचा आला, कोथरूडला शिकायला असतो. त्याला नुसतं सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, थांब जरा." विंडोज जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हला एकेक अक्षर देतं. माझ्या मशीनवर ऑफिसची नेटवर्क ड्राइव्ह एफ अक्षरावर जोडलेली असते. विंडोजने यूएसबीवरच्या आयपॉडलाही एफच दिलं, की आयपॉड तिच्यामागे झाकला जातो आणि आयट्यून्सला सापडत नाही. त्याने ऑफिसची ड्राइव्ह चालू ठेवून नॅनो लावला. दिसेना. धडधाकट नॅनो ‘मेला’. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याला पी अक्षर दिलं आणि नॅनो लगेच उगवला. तो माणूस आला होता तेव्हा मी घरूनच काम करत होतो, आणि क्लासिक लावला तेव्हा ड्राइव्ह जोडलेली होती. नॅनो आणि शफलच्या वेळी अक्षर मोकळं कसं होतं, तर क्लासिक लावायच्या आधी, दोन्ही सिंक झाल्यावर, मीच ऑफिसचं लॉगिन केलं होतं. आदल्या दिवशीही हाच क्रम होता. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

चौकटीचं कारणही त्याने दाखवलं. प्लेअर गाण्यांच्या फोल्डरला ओळखत नाही, लायब्ररीला ओळखतो, आणि ती लायब्ररी म्हणजे ‘आयट्यून्स लायब्ररी’ नावाची आयटीएल फाइल. मी गाणी आणली, ती फाइल आणलीच नाही. नव्या मशीनवर नवी लायब्ररी तयार झाली, म्हणून प्रत्येक प्लेअरला आपण परक्या घरी आलो असं वाटलं. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क कपाटात होती. त्याने ती फाइल काढून आणली, शिफ्ट दाबून धरून आयट्यून्स उघडलं, लायब्ररी निवडली, आणि बाबांच्या सगळ्या याद्या जशाच्या तशा उभ्या राहिल्या. काही गाण्यांपुढे उद्गारचिन्ह आलं, ती नव्या जागेवरून दाखवून द्यावी लागली. चहा दोनदा झाला तेवढ्यात काम संपलं. आता प्रत्येक प्लेअरला त्याची त्याची यादी लावली आहे, लायब्ररी एकच.

जुन्या डिस्कवर पुसलेल्या ओव्या शोधायचाही त्याने प्रयत्न केला. त्यांच्यावर इतकं काही लिहून झालं होतं, की काही हाती लागलं नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर ती चौकट रद्द करा. बटण दाबेपर्यंत काहीही पुसलं जात नाही. आयपॉड ड्राइव्ह म्हणून उघडत असेल तर लपलेल्या फाइली दाखवायला सांगा, आत आयपॉड कंट्रोल नावाचं फोल्डर असतं, त्यातलं म्युझिक फोल्डर आधी उचलून दुसरीकडे ठेवा. फाइलींची नावं चार अक्षरांची, अर्थ न लागणारी दिसतील, पण गाणी तीच असतात. मॅकवाल्यांनो, २०१९ च्या कॅटलिनापासून पुढच्या सिस्टमवर आयट्यून्स शोधत बसू नका, तिथे सिंक फाइंडरमधूनच होतं. आणि दुरुस्तीला यंत्र देताना मागचा सिरियल नंबर त्या माणसाच्या समोर लिहून घ्या, त्याची सही घ्या. मी घेतली नाही.

भाच्यानेच जुन्या वस्तू विकायच्या एका साइटवर शोधलं. ‘१६० जीबी, उत्तम चालू, १४,००० रुपये.’ फोटोत वरच्या डाव्या कोपऱ्यावर पोचा होता, मुलीने लहानपणी फरशीवर पाडला होता तो. मी खरेदीदार म्हणून मेसेज टाकला आणि तासाभरात जाहिरात गेली. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्या गेल्या फोन केला असता तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, तीन आठवड्यांनी ती फारच कमी होते. आयपॉडबद्दल चौकीत लेखी अर्ज दिला आहे. बाबांनी मूळ डबा जपून ठेवला होता, त्याच्यावरचा सिरियल नंबर अर्जात लावला. हवालदारांनी नीट ऐकून घेतलं. पुढे अजून काही कळलेलं नाही.

पुण्यात किंवा आसपास गेल्या काही महिन्यांत कुणी १६० जीबीचा क्लासिक जुना घेतला असेल, मागच्या स्टीलवर ओरखडे आणि डाव्या कोपऱ्याला पोचा असेल, तर कृपा करून त्यात नवी गाणी भरू नका. विकणाऱ्याने तो रीसेट केला असला तरी वरून काही लिहिलं गेलं नसेल तर आतल्या फाइली निघू शकतात. आयपॉड तुमचाच राहू दे. तुम्ही दिलेले पैसेही मी देतो. मला फक्त एक दिवस डिस्क द्या. एक तासाच्या तीन कॅसेटी आहेत, सुरुवातीला कोंबडा आरवतो आणि मग जात्याची घरघर ऐकू येते, त्यावरून ओळखता येईल.