वसुलीवाल्यांची सेवा: पाचपैकी दीड तारा

मी लातूरच्या अडत लाइनीत, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या अडत्यांच्या बाजारात, मुनीम आहे. मधली तीन वर्षं हॉटेल टाकलं होतं, ती सोडली तर सगळं आयुष्य खतावणीत, म्हणजे नावावार हिशोबाच्या वहीत, गेलं. उधारी वसूल करणं हे माझं रोजचंच काम. त्यामुळे माझ्याकडूनच वसूल करायला कोणी आलं, की गवंडी दुसऱ्याची भिंत बघतो तसं मी त्याचं काम बघतो.

वसुली कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर तीन फोनांत तिनं तीन नावं सांगितली.

आधी माझी बाजू. कर्ज घेतलं होतं, खोटं कशाला बोलू. सप्टेंबर 2013, बार्शी रोडवरच्या चहा-भज्याच्या हॉटेलासाठी 80,000 रुपये, विनातारण. 3,139 चे 36 हप्ते. 19 भरले, म्हणजे 59,641 रुपये. पावत्या पत्र्याच्या पेटीत आहेत, रबर लावून. एप्रिल 2015 नंतर भरता आलं नाही. बोअर आटलं, टँकरच्या पाण्यावर हॉटेल चालवलं तर चहाचा कप मलाच महाग पडू लागला. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तोवर माझ्या हॉटेलची भांडी विकून झाली होती. त्यानंतर कर्ज देणाऱ्या कंपनीची दोन पत्रं आली, मग काहीच नाही. मी गाव सोडलं नाही, नंबर बदलला नाही.

2025 च्या जूनमध्ये पहिला फोन आला. मृग लागलेला, दुकानात खताची, बियाण्याची उचल (मालावर आगाऊ रक्कम) मागायला शेतकऱ्यांची रांग. तिकडून हिंदीत आवाज, "आपका दो लाख सत्तासी हजार चार सौ साठ बकाया है." मी म्हटलं, खातेउतारा पाठवा. फोन कट.

दुसऱ्या दिवशी मराठी बोलणारी मुलगी. रक्कम 1,95,000. संध्याकाळी तीच रक्कम 40,000 झाली, "आजच्या आज भरलं तर." चौथ्या दिवशी 22,000. सोयाबीनचा भाव कितीही पडला तरी असा पडत नाही हो. माझ्या आकडेमोडीनं, 24 टक्के व्याज धरून, एप्रिल 2015 ला मुद्दलच जवळपास 44,857 उरत होतं. म्हणजे त्यांनी मागितलेलं चुकीचं आणि सोडलेलंही चुकीचं. आकडा कशावरून आला हे सांगणारा एकही माणूस त्या कंपनीत मला भेटला नाही. अर्धा तारा त्या मुलीला. ती निदान "काका" म्हणायची.

मग सुरू झाला दुसरा प्रकार. रात्री पावणेनऊला फोन. व्हॉट्सॲपवर लाल शिक्क्याची नोटीस, "चार वाजेपर्यंत वॉरंट निघेल." आणि सगळ्यात वाईट म्हणजे निलंग्याला माझ्या मेव्हण्याला फोन. बायको जेवायला वाढता वाढता म्हणाली, "अहो, दादाला कोण बोलू लालंय तुमच्या नावानं?" घास घशाखाली उतरला नाही. आम्हीपण वसुली करतो. पण शेतकऱ्याच्या सासरवाडीला जाऊन आजवर एक शब्द बोललो नाही.

मालकांच्या ओळखीच्या वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी पावत्या उलटसुलट पाहिल्या आणि विचारलं, "शेवटचा हप्ता कधीचा?" ठरल्याप्रमाणे 36 वा हप्ता सप्टेंबर 2016 चा. ते म्हणाले, 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा पैशासाठी दावा लावायला तीन वर्षं. म्हणजे शेवटच्या हप्त्याचीही मुदत सप्टेंबर 2019 ला संपली. कोरोनात सुप्रीम कोर्टानं 15 मार्च 2020 पासून 28 फेब्रुवारी 2022 पर्यंतचा काळ मुदतीतून वगळला होता, पण माझी मुदत त्याच्या आधीच गेलेली. मधल्या काळात कर्ज देणाऱ्या कंपनीनं दावा लावला नव्हता, मीही काही लिहून दिलं नव्हतं. मी विचारलं, मग देणं माफ झालं का? "माफ नाही. देणं आहे तिथंच आहे. कोर्टात जायचा रस्ता बंद झाला." हे मला लगेच कळलं. आमच्या वहीतही काही नावं बुडीत खात्यावर जातात, पण पान कोणी फाडत नाही.

हे सगळ्यांना लागू नाही, म्हणून लिहून ठेवतो. घर-जमीन गहाण असेल तर तिथं मुदत बारा वर्षांची. सहकारी पतसंस्थेच्या सभासदाच्या थकबाकीची मुदत तर तो वारल्यापासून किंवा सभासदत्व गेल्यापासून मोजतात, तिथं तीन वर्षांचं तोंडी गणित चालत नाही. आणि चेक वटला नाही तर तो वेगळाच विषय. नुसता हप्ता थकला म्हणून मात्र पोलीस येत नाहीत.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. ऑगस्टमध्ये एक पोरगा थेट दुकानात आला. पंचविशीचा, पाठीला बॅग, बूट चिखलानं भरलेले. हमालांनी त्याला गिऱ्हाईक समजून आत पाठवलं. मी गादीवर बसवलं, चहा सांगितला. म्हटलं, कंपनीचं अधिकारपत्र दाखवा. त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला, त्यावर दुसऱ्याच माणसाचं नाव. म्हटलं, बरं, हिशोब? त्यानं एक चिठ्ठी काढली. माझं नाव, खाली एक आकडा. बास.

मी आमची खतावणी उघडून त्याच्यापुढं ठेवली. हे बघ, म्हटलं, हा रेणापूरकडचा शेतकरी. या तारखेला उचल दहा हजार, सही. या तारखेला माल आला, इतके कट्टे (पोती), ही विक्रीची पट्टी, ही हमाली-तोलाई, इतकी उचल वळती, ही बाकी. हा माणूस पाच वर्षांनी आला तरी मी पान उघडून दाखवतो, आणि तोही बोट ठेवून म्हणतो, व्हय, बरोबर. पोरगा बघत राहिला. म्हणाला, "काका, आम्हाला एवढं देतच नाहीत. नंबर आणि पत्ता देतेत."

चहा संपला. उठताना त्यानं बॅगेतून एक कागद काढला. "काका, पैसे नका देऊ, पण मी येऊन गेलो म्हणून सही तरी करा. नाहीतर आजचा दिवस धरत नाहीत." वर मोठ्या अक्षरात व्हिजिट स्लिप. खाली बारीक इंग्रजीत चार ओळी. चष्मा लावला, बोट ठेवून वाचत गेलो. तिसऱ्या ओळीत होतं की वरील रक्कम मला मान्य आहे आणि 30 दिवसांत भरायचं मी कबूल करतो.

वकीलसाहेबांनी नेमकं हेच सांगितलं होतं. मुदत उलटल्यावर नुसते पाचशे रुपये टोकन भरले तरी जुनी मुदत पुन्हा सुरू होत नाही. पण "देतो" असं लिहून सही केली, की 1872 च्या करार कायद्याच्या कलम 25 नं तो नवा करार होतो. मग त्या कागदावर दावा लागतो. मी पोराला ती ओळ दाखवली. त्यानं वाचली नव्हती, हे त्याच्या तोंडावरून कळलं. कागद घडी करून परत दिला. एक तारा त्याच्या पायपिटीला.

त्याच दिवशी मूळ कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला रजिस्टर पत्र टाकलं. फोनांच्या तारखा, वेळा, मेव्हण्याला आलेला फोन, सगळं रोजमेळासारखं ओळीनं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2022 ला सांगितलंय की सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे त्यांच्या सीएमएस संकेतस्थळावर तक्रार केली. अर्ज पुतण्यानं भरून दिला, फुकट आहे. त्यानंच कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलचा वर्षातून एकदा मिळणारा फुकट रिपोर्टही काढला. त्यात माझं खातं "रिटन ऑफ", म्हणजे बुडीत, आहे. ते तसंच दिसतंय, आणि त्याचा त्रास मला होणार हे मी धरून चाललोय.

निलंग्याचे फोन बंद झाले. रात्रीचेही. परवा मात्र नव्या नंबरवरून नवा आवाज आला, आता रक्कम 3,04,000. त्याला सांगितलं तेच इथं सांगतो. कट्टे मोजायची घाई नसेल तेव्हा, सकाळी साडेदहाच्या सुमाराला या. चहा मी पाजतो. 2013 पासूनचा खातेउतारा आणा, मुद्दल-व्याज वेगळं दाखवा, नो ड्यूज, म्हणजे आता काही देणं नाही असा दाखला, कोण देणार ते कागदावर द्या. मग बसू.