फोंड्यातलं फायबर कनेक्शन आणि टॉरेंट: सहा महिन्यांच्या वापरानंतर

१०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, मे महिन्यापासून. व्हिडिओ, कॉल, घरून ऑफिसचं काम, कशाचीच तक्रार नाही. ऐन पावसात माडाचं झावळ पडून केबल तुटली, तरी लायनमन दुसऱ्या दिवशी खांबावर चढला. पण संध्याकाळी टॉरेंट, म्हणजे लोकांनी एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फाइलचे तुकडे घेण्याची पद्धत, कंपनीकडून मुद्दाम अडवली जाते, असं माझं आता पक्कं मत झालंय.

वाड्यावरच्या मुलांना जुन्या कॉम्प्युटरांवर मी लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम, घालून देतो. त्यातल्या उबुंटू या प्रकाराची फाइल जवळपास ६ जीबीची. ती टॉरेंटने घेतो आणि नंतर सीडिंगला, म्हणजे इतरांना माझ्याकडून घेता यावी म्हणून, ठेवतो. फुकट मिळालेलं पुढे द्यायलाच हवं. दुपारी ही फाइल सेकंदाला १० एमबीने, म्हणजे जवळपास पूर्ण वेगाने येते. रात्री आठनंतर १ एमबीसुद्धा धड मिळत नाही. त्याच वेळी टॉरेंट थांबवून तीच फाइल ब्राउझरने उतरवली, तर पूर्ण वेग.

एवढ्यावरून कंपनीला दोष देणं बरोबर नव्हे. टॉरेंटचा यूटीपी प्रोटोकॉल (डेटा पाठवण्याची त्याची खास पद्धत) लाइनवर गर्दी दिसली की आपणहून मागे सरतो. तो तसाच बनवलाय. म्हणून यूटीपी बंद करून फक्त टीसीपी ही नेहमीची पद्धत ठेवली. फरक नाही. एन्क्रिप्शन (डेटा सांकेतिक करणं) सक्तीचं केलं, तरी जेमतेम सुधारणा. मग व्हीपीएन लावलं, म्हणजे आत काय चाललंय ते कंपनीला दिसू न देणारी वाट, तीही पोर्ट फॉरवर्डिंग नसलेली (बाहेरून कुणी आत जोडू शकत नाही अशी), आणि वेग परत आला. कितीतरी संध्याकाळी हेच पाहिलंय. व्हीपीएनमुळे डेटाचा मार्गही बदलतो हे खरं, पण मग ब्राउझरला जुन्या मार्गाचा त्रास का होत नाही?

सीडिंग जवळजवळ होतच नव्हतं, त्याचं कारण मात्र वेगळं. राउटरच्या वॅन आयपीची (कंपनीने राउटरला दिलेल्या इंटरनेट पत्त्याची) सुरुवात १००.६४ ने होत असेल तर तुम्ही सीजीनॅट नावाच्या व्यवस्थेमागे आहात. एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला असतो आणि बाहेरून कुणी आपणहून तुमच्याशी कनेक्शन जोडू शकत नाही. यात डाव नाही, आयपीव्ही४ या जुन्या प्रकारच्या इंटरनेट पत्त्यांचा तुटवडा आहे. जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त माझा असा कायमचा पत्ता, घेतला, सीडिंग नीट सुरू झालं. संध्याकाळचं रडगाणं तसंच राहिलं.

कंपन्या असलं काही करत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी २००७ आठवावं. अमेरिकेत कॉमकास्ट ही इंटरनेट कंपनी खोटी रीसेट पॅकेट्स (‘कनेक्शन तोडा’ असे संदेश) घुसवून टॉरेंटची कनेक्शनं तोडत होती. आधी नाकारलं, मग बाहेरच्यांनी तपासून दाखवलं. २००८ मध्ये तिथल्या एफसीसीने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपनीविरुद्ध निकाल दिला. २०१० मध्ये कोर्टाने तो अधिकाराच्या मुद्द्यावर रद्द केला. आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामकाच्या शिफारशी सरकारने जुलै २०१८ मध्ये मान्य केल्या: विशिष्ट मजकूर अडवायचा नाही, मंद करायचा नाही. वाजवी ट्रॅफिक व्यवस्थापनाला मुभा आहे, पण ते ग्राहकाला उघड सांगून.

मला कुणीच काही सांगितलेलं नाही. कस्टमर केअरचं एकच पालुपद, “सर, टॉरेंट बेकायदा आहे.” साफ चूक. ज्याची वाटायला परवानगी आहे ती फाइल टॉरेंटने वाटणं पूर्ण कायदेशीर आहे. दोन्ही वेगांचे स्क्रीनशॉट जोडून ईमेल केलाय, ट्रॅफिक व्यवस्थापनाचं धोरण लेखी मागितलंय. ते मिळेपर्यंत वर्षाचा प्लॅन भरणार नाही, महिन्याचाच.