एच टू एस बाटल्या आणि पाणी तपासायचा डबा: बीएस्सीच्या पोरांसोबत वापरून बघितलं

आमच्याकडे नवीन शैक्षणिक धोरणात कम्युनिटी एंगेजमेंटचे 2 क्रेडिट आलेत, आणि त्याचं बहुतेक ठिकाणी काय होतं ते सगळ्यांना माहितीय, एक रॅली, चार झाडं, बॅनर धरून फोटो, फाईल क्लोज. यंदा मी केमिस्ट्रीच्या 24 पोरापोरींसाठी पाण्यातले जंतू तपासायच्या एच टू एस (हायड्रोजन सल्फाइड) बाटल्या मागवल्या आणि फील्ड टेस्ट किटचा एक डबा. कंपनीचं नाव देत नाही, पुढे तक्रार पण आहे.

बाटली एकदम साधी. आत औषध लावलेली कागदाची पट्टी, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून उबदार जागी 24 ते 48 तास ठेवायचं, काळी पडली तर पाण्यात मैला मिसळत असल्याचा संशय घ्यायचा. ही टेस्ट ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या लोकांनी 1982 मध्ये मांडली, म्हणजे अस्सल देशी माल. पट्टीतल्या थायोसल्फेटपासून जंतू हायड्रोजन सल्फाइड बनवतात, त्याचं लोहाशी जमलं की काळं आयर्न सल्फाइड. बारावीला सॉल्ट अ‍ॅनालिसिस करताना नाक दाबून शिकलेली त्याच जातीची रिअ‍ॅक्शन, पण इथे पोरं बाटलीभोवती गर्दी करून उभी, कारण नमुना कुणाच्या तरी घरच्या हंड्यातला होता.

पहिल्या दिवशी गंमत झाली. उकळून गार केलेलं पाणी ब्लँक म्हणून, म्हणजे तुलनेला जंतू नसलेला नमुना म्हणून, ठेवलेलं, तीच बाटली काळी! एकाने झाकणाच्या आत बोट घातलं होतं. ब्लँक कशाला लावायचा हे मी 11 वर्षं फळ्यावर सांगतोय, त्या एका बोटाने जे शिकवलं ते माझ्याच्याने झालं नव्हतं. नंतर प्रत्येक ठिकाणाचे दोन-दोन नमुने घ्यायचा नियम पोरांनीच काढला. थंडीत बाटल्या कुठे ठेवायच्या तर एका मुलीने गोधडीत गुंडाळून चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवल्या, आई म्हणाली हे कसलं लोणचं. (वापरलेल्या बाटल्या तशाच फेकू नका, ब्लीचिंगचं पाणी ओतून मगच.)

डब्याबद्दल फार काही नाही. क्लोराइड, हार्डनेस ठीक. फ्लोराइडचा रंग मात्र चार जणांनी चार वाचले, एक म्हणे 1, दुसरा म्हणे 1.5, आणि नेमका तोच फरक महत्त्वाचा, कारण पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं आणि दुसरी सोय नसेल तर 1.5. शेवटी कुणाचा नमुना ते न सांगता एकमेकांचे वाचायला लावले. तरी अशा रीडिंगवरून कुणाला घाबरवू नका, प्रयोगशाळेत पाठवा.

आता खरी तक्रार. माहितीपत्रकात बाटली काळी होईपर्यंत सगळं आहे, पुढे काय करायचं यावर एक ओळ नाही. टाकीजवळच्या नळांच्या बाटल्या स्वच्छ, लाइनीच्या शेवटच्या वस्तीतल्या काळ्या. एका पोराने उत्साहात फोटो स्टेटसला टाकला आणि संध्याकाळी सरपंचांचा फोन, सर, गावाची बदनामी लावलीय का. चूक आमचीच, म्हणजे खरं तर माझी, कारण निकाल आधी ज्यांच्या घरचं पाणी आहे त्यांना सांगायचा हे मी शिकवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोरं घरोघर गेली, तोवर पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं, मग पंचायतीत अर्ज.

तिथे टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) पोतं तोंड उघडं टाकून कोपऱ्यात, वास उडालेला. चांगली पावडर 1000 लिटरला अडीच ग्रॅम आणि मग अर्धा तास थांबायचं, पण गावाच्या विहिरीत पाणी किती? टायट्रेशनमध्ये पैकीच्या पैकी घेणारी पोरं इथे अडकली. 4 मीटर व्यास, 3 मीटर पाणी, म्हणजे साधारण 37,700 लिटर, पावडर 94 ग्रॅमच्या आसपास. हे गणित जलसुरक्षकाने (पंचायतीचं पाणी बघणाऱ्याने) त्यांच्याकडून वहीत लिहून घेतलं, तो त्यांचा खरा व्हायवा. मग आठवडाभर शेवटच्या नळाला ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची), पिवळा रंग काही येईना, तेव्हा पाइप शोधत गेले आणि गटारीतून जाणारा सांधा सापडला. दुरुस्तीला तीन आठवडे लागले, अर्ज दोनदा द्यावा लागला. विहिरीच्या बाटल्या अजून काळ्याच येतात, कठड्याला लागून धुणं चालतं, त्याचा अर्ज वेगळा.

बाटल्यांना 5 पैकी साडेचार, डब्याला अडीच. घेताना एक्सपायरी बघा, आणि 24 पोरांना 48 बाटल्या पुरतील या भ्रमात राहू नका, 70 तरी घ्या, ब्लँक लागतात आणि एसटीत फुटतात.