भरती बंद, गटार तुंबलेलं: ठेकेदार बरा की रोजंदारी?

आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, पद आहे, पण नोकरभरती बंद. जुना व्हॉल्वमन (नळाचं पाणी सोडणारा) निवृत्त झाला की खुर्ची रिकामी ती रिकामीच. मग कोकणातल्या नगरपरिषदेपुढे दोन वाटा उरतात.

ठेकेदाराला काम देणं सोपं. एक निविदा, महिन्याला एक बिल, डोक्याला ताप नाही. मे महिन्यात गटारं उपसायला, झाडांच्या फांद्या तोडायला हे ठीकच. पण ठेकेदार बदलला की माणसंही बदलू शकतात, आणि पगार थकला तर कामगार शेवटी नगरपरिषदेच्याच दारात येतो. कायद्यानेही ठेकेदाराने बुडवलेल्या मजुरीची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे नगरपरिषदेवरच येते, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

रोजंदारीवर थेट माणूस घेतला तर तो गावातला असतो. कुठल्या वाडीचा व्हॉल्व कुठल्या दगडाखाली आहे, समुद्राला भरती आली की कुठला नाला उलटा वाहतो, हे त्याला पाठ. (नकाशात ते सापडेल? शोधून बघा.) जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, तशा रात्री ही माहिती सोन्याच्या मोलाची. अडचण कार्यालयाला वाटते ती कायम होण्याच्या मागणीची. पण नुसत्या दीर्घ सेवेवर कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कर्नाटकातल्या रोजंदारी कर्मचाऱ्यांच्या उमादेवी प्रकरणात म्हटलं. म्हणजे भीती कार्यालयाला, टांगती तलवार मात्र कामगारावर.

माझं मत: हंगामी कामं ठेक्याने द्या. पाणी आणि दिवाबत्तीला माणूस थेट घ्या, आणि जुना निवृत्त व्हायच्या सहा महिने आधी त्याच्यासोबत फिरवा.