कार्ड खरं, सही खोटी

तीनशे पंच्याऐंशी डॉलर. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो मी दोन आठवडे 'दोनशेच्या आसपास' असा सांगत होतो. बायकोने खात्याचं स्टेटमेंट बघितलं आणि तोही आडपडदा गेला. आता लिहायला संकोच नाही. पॉल स्कीन्स या पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) सहीचं बेसबॉल कार्ड, म्हणजे लोक जमवतात ते खेळाडूच्या फोटोचं छापील कार्ड, मी विकत घेतलं. कार्ड खरं निघालं, सही खोटी निघाली. हे कसं झालं ते जरा तपशिलात सांगतो, कारण तपशिलातच मी मार खाल्ला.

मी पिट्सबर्गला आलो २००८ साली. त्याच वर्षी नोव्हेंबरात इथल्या पायरेट्स या बेसबॉल संघाने रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन मुलांना करारबद्ध केलं. दोघेही उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. ऑफिसात जो तो मला विचारायचा, तुझ्या गावचे का रे? मी दादरचा, शिवाजी पार्कवर वाढलेला. कांगा लीग क्रिकेटच्या चिखलात उभं राहून वहीच्या पानावर सह्या घेतलेल्या. भालाफेकीचा आणि माझा संबंध काय असणार! पण त्या निमित्ताने बेसबॉल बघायला लागलो आणि अडकलो.

अडकलो ते नेमका भिकेला लागलेल्या संघात. पायरेट्सनी वर्ल्ड सीरिज, म्हणजे इथलं विजेतेपद, शेवटची जिंकली १९७९ साली. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं त्यांनी जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले जास्त. अशा संघाचा चाहता आजच्या सामन्यापेक्षा पाच वर्षांनंतरच्या सामन्याचा विचार करतो. म्हणून आम्हाला वेड असतं ते होतकरू पोरांचं, इथल्या भाषेत प्रॉस्पेक्ट्सचं. ही पोरं ब्रेडेंटन, ग्रीन्सबरो, अल्टूना, इंडियानापोलिस इथल्या दुय्यम संघांच्या एकेक पायऱ्या चढत वर येतात. पुष्कळशी वाटेतच गळतात. त्यांची कार्डं मात्र मुख्य संघात पाऊल पडायच्या आधीच बाजारात येतात आणि भाव चढतात. आपल्याकडे म्हणतात ना, पाण्यात म्हैस आणि वर मोल. इथे तेच, फक्त म्हैस ताशी शंभर मैलांनी चेंडू टाकते.

अल्टूना आमच्या घरापासून दोन तासांवर. रेल्वेचं जुनं गाव, छोटंसं मैदान, उजव्या कुंपणामागे लाकडी रोलर कोस्टर. माझी लेक अकरा वर्षांची. सामन्याच्या तासभर आधी ती डगआउटजवळच्या कठड्याला लोंबकळते, हातात कार्ड आणि निळा मार्कर. वीस-बावीस वर्षांची पोरं येतात, नाव विचारतात, सही करून जातात. फुकट. चकचकीत क्रोम कार्डावर शाई थेंब धरते, म्हणून आम्ही आदल्या रात्री टेबलावर बसून कार्डाचा पृष्ठभाग खोडरबराने हलकेच पुसतो, वर चिमूटभर बेबी पावडर फिरवतो. घरात तान्हं बाळ नसताना पावडरचे डबे का येतात, हे शेजारणीला अजून कळलेलं नाही.

हे असं फुकटात समाधान असताना मला ३८५ डॉलर घालवायची बुद्धी का झाली? कारण स्कीन्स. जुलै २०२३ मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर पायरेट्सनी त्याला निवडलं. २०२४ च्या वसंतात तो इंडियानापोलिसला फलंदाजांची दाणादाण उडवत होता आणि अख्खं पिट्सबर्ग त्याच्या पदार्पणाचे दिवस मोजत होतं. (ते झालं ११ मेला.) त्याचं टॉप्स कंपनीच्या बोमन मालिकेतलं पहिलं कार्ड, ज्याला 'फर्स्ट बोमन' म्हणतात, ते २०२३ च्या ड्राफ्ट संचातलं. याचे प्रकार नीट समजून घ्या, कारण फसवणूक इथेच आहे. एक साधं कागदी कार्ड. दुसरं तेच क्रोमवर, बिनसहीचं. तिसरं क्रोमवरच, पण कंपनीने खेळाडूकडून सही करून घेऊन विक्रीच्या सीलबंद पाकिटात टाकलेलं. रंगीत कडांची आणखी वेगळी असतात, मोजक्याच प्रती छापलेली : निळी १५०, सोनेरी ५०, नारिंगी २५, लाल फक्त ५. दुसरं आणि तिसरं कार्ड समोरून एकमेकांची सख्खी भावंडं वाटतात. किंमत मात्र जमीन-अस्मानाची.

विकणारा मला कार्डांच्या देवघेवीच्या एका ग्रुपवर भेटला. आधी त्याच्याकडून तीन किरकोळ कार्डं घेतली होती, बबा चँडलर, टरमार जॉन्सन वगैरेंची. आठ डॉलर, बारा डॉलर असली. तिन्ही वेळा माल चोख. पॅकिंग तर बघत राहावं असं : मऊ पिशवी, वर कडक प्लास्टिक, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घट्ट बसवलेलं आणि निळ्या टेपचं टोक आठवणीने दुमडलेलं, म्हणजे उघडताना नखाने खरवडायला नको. आत हाताने लिहिलेली चिठ्ठी, 'मुलीला शुभेच्छा'. टेपचं टोक दुमडणारा माणूस फसवेल असं कुणाला वाटेल? आवळा देऊन कोहळा काढणं, याचा मी शाळेत वाक्यात उपयोग करून मार्क मिळवले होते.

एप्रिलमध्ये त्याचा निरोप आला. स्कीन्सचं सहीचं कार्ड आहे, पाकिटातून स्वतः काढलंय, गाडीचं ट्रान्समिशन गेलंय म्हणून घाईत विकतोय, तू ओळखीचा म्हणून आधी तुला विचारतो. त्याच आठवड्यात इतरांनी विकलेल्या कार्डांपेक्षा शंभर-सव्वाशे डॉलरने कमी. फोटो पाठवला. हिरव्या-पांढऱ्या चौकड्यांचा मेजपोश, त्याच्या कोपऱ्यात कॉफीच्या कपाचा तपकिरी गोल डाग, मधोमध कार्ड. सही ठसठशीत निळी. मी तो फोटो बोटांनी मोठा करून करून बघितला. डाग मला आजही डोळे मिटून काढता येईल. कार्डाची मागची बाजू मात्र मी मागितली नाही.

पैसे कसे पाठवायचे, तर 'मित्र आणि नातेवाईक' या पर्यायातून. खरेदी म्हणून पाठवले तर फी कापली जाते, ती वाचेल, उगाच तुझ्यावर बोजा कशाला, असं तो म्हणाला. ती फी होते साधारण अकरा-बारा डॉलर. बारा डॉलर वाचवण्यासाठी मी तक्रार करायचा हक्कच सोडून दिला. मित्राला दिलेले पैसे म्हणजे भेट. भेट परत मागता येत नाही.

कार्ड आलं. टेपचं टोक याही वेळी दुमडलेलं होतं. सोबत एक प्रमाणपत्र, त्यावर सोनेरी गोल स्टिकर आणि भारदस्त नावाची एक कंपनी. मला तेव्हा तो जादा सन्मान वाटला. वास्तविक तिथेच थांबायला हवं होतं. पाकिटातून निघालेल्या सहीच्या कार्डाला वेगळं प्रमाणपत्र लागतच नाही, ते खुद्द कार्डाच्या पाठीवर छापलेलं असतं.

जूनमध्ये अल्टूनाला गेलो तेव्हा मिरवायला ते खिशात होतं. आमच्या मागच्या रांगेत एक आजोबा नेहमी असतात, रेल्वेतून निवृत्त झालेले, मांडीवर कार्डांचं जाडजूड बाइंडर. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, सही बघितली न बघितली, कार्ड उलटं केलं आणि माझ्याकडे परत दिलं.

"मागे नंबर काय आहे वाच."

बारीक अक्षरात होतं 'बीडीसी' आणि पुढे आकडा.

"हे बिनसहीच्या क्रोमचं. सहीच्या कार्डाला सीडीए असतं, पुढे खेळाडूची आद्याक्षरं." त्यांनी स्वतःच्या बाइंडरमधलं एक काढून दाखवलं. मागे सीडीए, आणि सही प्रमाणित असल्याचा कंपनीचा मजकूर. मग ते म्हणाले, "कार्ड खरंच आहे तुझं. सही तुझ्या त्या मित्राची आहे."

मी बुडत्याची काडी धरली : कदाचित त्याने मैदानावर समोरासमोर घेतली असेल? आमची लेक घेते तशी? आजोबांनी एवढंच विचारलं, "तुला त्याने काय सांगितलं होतं, पाकिटातून निघालं ना?" पुढे लेक उठली आणि कुणाकडून तरी सही घेऊन आली. तो सामना कोण जिंकलं मला आठवत नाही.

घरी येऊन भिंगाखाली बघितलं. भरभर सही करणाऱ्याची रेघ पळत जाते, शेवटाला बारीक होते. माझ्या कार्डावर 'एस'च्या वळणावर शाईचा एक गोळा होता, पेन तिथे क्षणभर टेकून विचार करत थांबल्यासारखा. पुढे आणखी एक. नक्कल करणारा हात असाच चालतो, चित्रकलेच्या परीक्षेत शेजारच्याचं बघून काढल्यासारखा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

त्याला निरोप पाठवला, तर तासाभरात मला ब्लॉक केलेलं. पैसे पाठवायच्या ॲपने अपेक्षेप्रमाणे सांगितलं की भेटीला संरक्षण नाही. खोटा माल टपालाने पाठवणं हा इथे संघराज्याचा गुन्हा आहे, म्हणून टपालाच्या तपास खात्याकडेही तक्रार टाकली, टपालाने आलेल्या पाकिटाच्या फोटोसकट. पाकीट जपून ठेवलं होतं ते त्यातल्या त्यात बरं. पैसे आले नाहीत, येतील असं मी धरूनही चाललो नाही.

हा धंदा जुना आहे, एवढा मला नंतर दिलासा मिळाला. नव्वदच्या दशकात सॅन डिएगोच्या एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढून खोट्या सह्यांच्या टोळ्या पकडल्या. त्या मालात मदर तेरेसांच्या 'सही'चे बेसबॉलसुद्धा होते! कोलकात्यात त्या माऊलीने चेंडूवर कधी आणि का सही केली असती, हे विकत घेणाऱ्याने विचारलं नसणार. मी कोणत्या तोंडाने हसू? त्यानंतर २००१ पासून मेजर लीगने स्वतःची पडताळणी सुरू केली, साक्षीदारासमोर सही आणि वर नंबरचा होलोग्राम. कार्डांसाठी पीएसए, जेएसए, बेकेट यांच्यासारख्या पडताळणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांनी दिलेला नंबर त्यांच्याच संकेतस्थळावर टाकून बघता येतो. पण खऱ्या कार्डाचा नंबर कार्ड ठेवायच्या खोट्या प्लास्टिक डबीवर छापणारेही आहेत, तेव्हा नंबर जुळला म्हणून नाचू नका. तिथे त्या कार्डाचा फोटो असेल तर हातातल्या कार्डाशी ताडून बघा. कोपऱ्यावरचा टवका, छपाईतला ठिपका, काहीतरी वेगळं निघतंच.

आणि खेळाडू चढणीला असतो तेव्हा जास्त जपा. स्कीन्सने त्या वर्षी निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात नॅशनल लीगकडून पिचिंगची सुरुवात केली, त्या लीगचा वर्षातला सर्वोत्तम नवखाही ठरला. त्याच्या पदार्पणाच्या जर्सीवरची पट्टी लावलेलं एकमेव कार्ड लॉस एंजेलिसच्या अकरा वर्षांच्या मुलाला पाकिटात मिळालं. पायरेट्सनी त्याबदल्यात तीस वर्षांचे सीझन पास देऊ केले, घरच्यांनी नाही म्हटलं आणि मार्च २०२५ मध्ये ते ११.१ लाख डॉलरला गेलं. अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी प्रत्येक हावऱ्या माणसाच्या फोनवर कुणा ना कुणाच्या गाडीचं ट्रान्समिशन जातं.

आता मी मागच्या बाजूचा फोटो मागतो, तोही आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीशेजारी ठेवून. पैसे खरेदी म्हणूनच पाठवतो, फी माझी. निम्मे विकणारे यावर चिडतात. चिडू देत.

ते कार्ड मी फेकलं नाही. लेकीच्या बाइंडरमध्ये नऊ कप्प्यांच्या पानावर मधल्या कप्प्यात ते पाठ वर करून ठेवलंय, बीडीसी वाचता येईल असं. भोवतीच्या आठ सह्या तिने कठड्याला लोंबकळून मिळवलेल्या.

गेल्या महिन्यात दुसऱ्याच एका ग्रुपवर, दुसऱ्याच नावाने, कॉनर ग्रिफिनचं सहीचं कार्ड विकायला आलं. पायरेट्सचा २०२४ चा पहिल्या फेरीतला पोरगा, सध्या चढणीला. फोटो फक्त समोरचा. हिरव्या-पांढऱ्या चौकड्यांचा मेजपोश, कोपऱ्यात तपकिरी गोल डाग. खाली ओहायोतल्या कुणीतरी 'घेतो' असं लिहिलं होतं. मी त्याला लगेच निरोप टाकला : पैसे पाठवायच्या आधी कार्ड उलटं करून मागा. त्याचं उत्तर आलं, "पाठवले हो कालच. का?"