आयएनसी-१८: ना-नफा रुग्णालय नफ्याच्या कंपनीत बदलणारी सेवा कशी आहे?

कंपनी कायद्याच्या सेक्शन ८ खाली, म्हणजे ना-नफा कंपनी म्हणून, नोंदलेल्या रुग्णालयाला साधी खाजगी कंपनी व्हायचं असेल, तर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवरचा आयएनसी-१८ हा अर्ज भरावा लागतो. सेवा संथ आणि कडक आहे. लोकांनी रुग्णांसाठी दिलेला पैसा राखायचा तर ती कडकच हवी.

रुग्णालय धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल, तर ही वाट तुमची नाही. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात न्यासाची कंपनी करायची सोयच नाही. मिळकत विकायला कलम ३६ ची पूर्वपरवानगी लागते, आणि आलेला पैसा न्यासाचाच राहतो.

कंपनीचं काम विशेष ठरावाने सुरू होतं. ठराव एमजीटी-१४ या फॉर्मने कंपनी रजिस्ट्रारकडे जातो, मग आयएनसी-१८ मंत्रालयाच्या प्रादेशिक संचालकांकडे. पण सगळा कस लागतो तो सभेच्या नोटिशीला जोडायच्या स्पष्टीकरणात, आणि नेमकं तेच घाईत उरकलं जातं. करसवलती, परदेशी देणग्यांची मंजुरी, सवलतीत मिळालेली जमीन, अट घालून दिलेल्या देणग्या, सगळं तिथे उघड करावं लागतं. डायलिसिस कक्षाच्या दारावर 'यांच्या स्मरणार्थ' अशी संगमरवरी पाटी असेल, तर त्या देणगीचं मूळ पत्र शोधा. पैसा फक्त त्या कक्षासाठी, अशी अट त्यात असू शकते.

जमिनीपाशी बहुतेकांचा हिशेब चुकतो. स्पष्टीकरणात विचारतात तो जमीन घेतली तेव्हाचा बाजारभाव. मंजुरीच्या आदेशात मात्र प्रादेशिक संचालक फरक भरायला सांगू शकतात, तो तेव्हा दिलेली किंमत आणि रूपांतराच्या वेळचा बाजारभाव यांतला. तीस वर्षांपूर्वी नाममात्र दराने मिळालेला भूखंड शहराच्या मधोमध आला असेल, तर हा एकच आकडा सगळा बेत मोडू शकतो. म्हणून ठरावाआधीच सातबारा काढा. 'भोगवटादार वर्ग-२' (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन) असा शेरा दिसला तर मूळ वाटपाचा आदेश मिळवून त्यातल्या अटी वाचा.

दुसरा फटका प्राप्तिकराचा. १ जून २०१६ पासून लागू झालेल्या कलम ११५टीडी नुसार करसवलतीसाठी नोंदलेल्या संस्थेच्या मालमत्तेच्या वाजवी बाजारमूल्यातून देणी वजा करून उरलेल्या रकमेवर कमाल दराने कर बसतो. (२०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत.) समजा मालमत्ता २० कोटींची आणि देणी ६ कोटींची. उरलेल्या १४ कोटींवर नुसत्या ३० टक्क्यांनीच ४ कोटी २० लाख होतात. अधिभार आणि उपकर वेगळे. ठरलेल्या तारखेपासून १४ दिवसांत पैशांतच भरायचे, उशीर झाला तर दरमहा १ टक्का व्याज. इमारत कितीही मोठी असली तरी बँकेत पैसा नसतो, आणि गाडी इथेच अडते.

अर्ज दिल्यापासून आठवड्याच्या आत एका मराठी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते. त्याच वेळी अर्जाची प्रत आयकर खातं, धर्मादाय आयुक्त, राज्याचे मुख्य सचिव वगैरेंना रजिस्टर्ड पोस्टाने किंवा हातोहात द्यायची. हरकत घ्यायला त्यांना ६० दिवस असतात. पोच जपून ठेवा. ज्या खात्याकडून सवलत किंवा अनुदान घेतलंय, त्याच्या अटींत तसं असेल तर त्याचा ना-हरकत दाखलाही लागतो.

साठलेल्या शिल्लकीची तरतूद आम्हाला सगळ्यात पटते. आधी सरकारी देणी, मग कर्जं, पुरवठादार, कर्मचारी, शेवटी प्रवर्तकांची उसनवारी. त्यातूनही उरलं तर मंजुरीनंतर ३० दिवसांत गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत. सभासदांच्या खिशात काही जात नाही. फक्त हा पैसा आरोग्याच्याच कामाकडे वळायला हवा होता. कॅलिफोर्नियात ब्लू क्रॉस ही ना-नफा आरोग्यविमा संस्था नफ्याची झाली तेव्हा १९९६ मध्ये तिच्या मूल्यातून आरोग्यासाठी दोन धर्मादाय संस्था उभ्या राहिल्या. आपल्या नियमांत तशी सोय नाही, आणि देणगीदार किंवा रुग्ण यांना थेट कळवायची सक्तीही नाही. ही मोठी उणीव आहे.

आदेश मिळाला की कंपनीची घटना (मेमोरँडम) आणि नियमावली (आर्टिकल्स) बदलायला दुसरा विशेष ठराव करा आणि आदेश ३० दिवसांत आयएनसी-२० या फॉर्मने रजिस्ट्रारकडे दाखल करा. रजिस्ट्रारचं नवं प्रमाणपत्र हाती येईपर्यंत कंपनी सेक्शन ८ चीच असते. तोवर लाभांश जाहीर करू नका.